सोनवलकर बाईंचा पाठ

स्टीलच्या डब्यात चार चिठ्ठ्या होत्या आणि चारींवर एकच शब्द लिहिलेला होता. मला ते माहीत होतं, कारण तो शब्द मीच दिला होता.

"उचला ताई, बिनधास्त उचला. येईल तो विषय तुमच्या नशिबाचा," प्राचार्य डोईफोडे पहिल्या उमेदवार बाईंना म्हणाले आणि त्यांनी डबा दोनदा खुळखुळवला. कागदाच्या चिठ्ठ्या खुळखुळत नाहीत, पण त्यांना त्याचं काय. बाईंनी चिठ्ठी उचलली, उघडली आणि वाचून दाखवली. "गेट," त्या म्हणाल्या. जी, ई, टी. फाटकाचं गेट नव्हे, दुसरं.

"वा," डोईफोडे म्हणाले, जणू काही तो शब्द त्यांनी त्या सकाळी प्रथमच ऐकला.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "चारींवर एकच शब्द, मग चिठ्ठ्या कशाला?"

"असं आहे मॅडम, नियमात दोन गोष्टी लिहिल्यात. सगळ्या उमेदवारांना एकच विषय द्यावा, आणि विषय चिठ्ठी टाकून काढावा. दोन्ही पाळायचं म्हणजे दुसरा मार्ग नाही."

हा माणूस वाणिज्य शाखेचा. दोन नियम त्यानं एका डब्यात बसवले होते आणि त्याचा त्याला अभिमानही होता. मी कपाळावर हात मारून घेतला नाही एवढंच.

बावीस वर्षं झाली या गोष्टीला. नगरच्या पुढं तासाभरावर तालुक्याचं एक गाव, तिथलं कॉलेज, आणि इंग्रजीच्या पूर्णवेळ प्राध्यापकाची एक जागा. मी तेव्हा पुण्यातल्या एका बऱ्यापैकी नाव असलेल्या कॉलेजात इंग्रजीची विभागप्रमुख होते आणि विद्यापीठानं मला विषयतज्ज्ञ म्हणून या निवड समितीवर पाठवलं होतं. डॉ. शालिनी बर्वे. नावामागं डॉक्टर लावल्याशिवाय मी त्या दिवसांत दुधाचं बिलसुद्धा स्वीकारत नसे.

आठवडाभर आधी डोईफोड्यांचा फोन आला होता. "मॅडम, उमेदवारांना प्रत्यक्ष वर्गावर वीस मिनिटांचा पाठ घ्यायला लावायचाय. एखादा विषय सुचवा. सोपा सुचवा हं, आमची पोरं खेड्यातली आहेत."

"मग 'गेट' द्या," मी म्हटलं. "याहून लहान शब्द सापडायचा नाही तुमच्या पोरांना."

खरं तर तो शब्द सोपा मुळीच नाही. मोठ्या शब्दकोशात तो पानंच्या पानं खातो. मिळणे, होणे, पोचणे, समजणे, आणणे, उठणे, सुटणे, काय वाटेल ते. तीस वर्षं मी तो शिकवला आणि तीस वर्षं मुलांनी तो चुकवला. मी मुद्दाम दिला होता. तालुक्याच्या गावात इंग्रजी शिकवायला निघालेल्या या मंडळींची कशी त्रेधा उडते ते मला बघायचं होतं. डोईफोड्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी तो शब्द घेतला आणि त्याच संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी पोचवला. का, ते पुढं येईलच.

पाठ सुरू होण्याआधी चहा झाला. व्हरांड्यात चौघी उमेदवार खुर्च्यांवर बसल्या होत्या. मी समोरून गेले तशी एक जण चटकन उठून उभी राहिली. वय छत्तीस-सदतीस, अंगावर मेंदी रंगाची सुती साडी, हातात कापडी पिशवी. "गुड मॉर्निंग, म्याडम," ती म्हणाली. तो 'गुड' आणि तो 'म्याडम' ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

मी आत येऊन डोईफोड्यांना म्हटलं, "या बाई इंग्रजी बोलायला लागल्या तर कानात बोळे घालून बसावं लागेल."

डोईफोडे पोट धरून हसले. "ती होय. ती आमचीच आहे, मॅडम. वैजयंता सोनवलकर. तासिका तत्त्वावर शिकवते. आठ वर्षं झाली."

"आठ वर्षं तासावर?"

"मग. जागा मंजूर नव्हती ना. आता झाली. आता पूर्णवेळ माणूस आला की हिचे तास संपले. म्हणून बसलीय अर्ज करून."

"म्हणजे हिची नेमणूक झाली तर झाली, नाहीतर घरी?"

"घरी," डोईफोडे बशीत चहा ओतत म्हणाले. "नवरा वारला. एक मुलगी आहे, चौथीत. होईल काहीतरी. बिस्कीट घ्या ना."

मी बिस्कीट घेतलं.

समितीत आम्ही चौघं. अध्यक्ष भाऊसाहेब ताकवणे, पांढरे शुभ्र कपडे आणि हातात जाड अंगठ्या. प्राचार्य डोईफोडे. शासनाचे एक प्रतिनिधी, ज्यांनी आल्या आल्या गळ्यातला मफलर कानांवर ओढला आणि डोळे मिटले. आणि मी. प्रत्येकापुढं एक छापील गुणपत्रक ठेवलं, सोबत टोक काढलेली नवी पेन्सिल आणि नवं खोडरबर.

"पेन आहे माझ्याकडं," मी म्हटलं.

"पेन शेवटी, मॅडम. आमच्याकडं आधी पेन्सिल. चर्चा होते, सगळ्यांचं एकमत होतं, मग त्यावरून शाई फिरवायची." डोईफोड्यांनी आवाज खाली आणला. "वीस वर्षांत आमच्या एकाही निवडीवर हरकत आलेली नाही."

कशी येईल. मी मनात म्हटलं, ही माणसं चोरीसुद्धा नीटनेटकी वही ठेवून करतात. आणि पेन्सिल उचलली.

पाठ प्रथम वर्ष कलाच्या वर्गावर होते. साठेक मुलं-मुली दाटीवाटीनं बसली होती. आम्ही मागच्या बाकांवर. पहिल्या दोघी भाऊसाहेबांच्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळांतून आणलेल्या होत्या, उमेदवारांची संख्या भरावी म्हणून. त्यांनाही ते माहीत होतं. दोघींनी पाच-पाच मिनिटांत 'गेट म्हणजे मिळवणे' असं सांगून टाकलं आणि एस.टी. गाठायला निघून गेल्या. त्यांच्याबद्दल मला आजही काही वाईट वाटत नाही, निदान त्यांनी कुणाचा वेळ खाल्ला नाही.

तिसरी शर्वरी ताकवणे. भाऊसाहेबांची सून. पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, उच्चार स्वच्छ, साडी रेशमी. तिनं चिठ्ठी उघडली, "ओह, गेट," म्हणाली आणि फळ्याकडं वळली. एक, टू रिसीव्ह. दोन, टू बिकम. तीन, टू अराइव्ह. चार, पाच, सहा. न थांबता, न बघता. आठवडाभर घोकलेलं होतं सगळं. मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती. सतराव्या अर्थापाशी तिची गाडी अडली. तिनं हळूच तळहात बघितला आणि अठरापासून पुढं सुरू केली. सतरावा अर्थ त्या वर्गाला कधीच मिळाला नाही.

त्रेचाळीस झाले. मुलांच्या बोटांना रग लागली होती, एक जण उघड उघड मनगट चोळत होता. कुणाला काही विचारलं नाही, कुणी काही विचारलं नाही.

"त्रेचाळीस," भाऊसाहेब माझ्याकडं वाकून कौतुकानं म्हणाले. "एका शब्दाचे. बघा आमच्या सूनबाई..."

डोईफोडे खोकले.

"बघा, उमेदवार कसे तयारीचे आहेत," भाऊसाहेबांनी वाक्य पुरं केलं.

मी शर्वरीसमोर पेन्सिलीनं तीसपैकी तेरा लिहिले. उच्चाराला दहापैकी नऊ, बाकी सगळ्याला मिळून चार. मला हसू येत होतं. या शहाण्यांनी सुनेसाठी शब्द आधी फोडला होता, पण नियमामुळं तोच शब्द सगळ्यांना द्यावा लागला होता. चौथी चिठ्ठीही तीच होती.

सोनवलकर बाई वर्गात आल्या. त्यांना बघून मुलं जरा सैल झाली, बाकांवर मागं टेकली. बाईंनी चिठ्ठी वाचली, फळ्यावरच्या त्रेचाळीस अर्थांकडं एकदा बघितलं आणि डस्टर घेऊन सगळं पुसून टाकलं. खडूही उचलला नाही.

पाठ ऐकताना चुकीच्या उच्चाराला समासात एक रेघ मारायची माझी जुनी सवय. बाईंनी इंग्रजीत प्रस्तावना केली आणि पहिल्या तीन मिनिटांत माझ्या अकरा रेघा झाल्या. मग त्या मराठीत म्हणाल्या, "आता मला सांगा, 'लागणे' म्हणजे काय?"

वर्ग गप्प. इंग्रजीच्या तासाला हे काय, अशा नजरेनं मुलं एकमेकांकडं बघायला लागली.

"सोपा शब्द आहे. अर्थ सांगा."

"बाई, लागणे म्हणजे इजा होणे," एक मुलगी म्हणाली. "हाताला लागलं, तसं."

"बरं. मग नोकरी लागली म्हणजे?"

"मिळाली."

"फोन लागला?"

"जोडला गेला."

"कामाला लागला?"

"सुरू केलं काम."

"वेड लागलं?"

"वेडा झाला."

"भूक लागली?"

"भूक... लागली," मुलगी म्हणाली आणि वर्ग हसला. बाईही हसल्या.

"एवढे अर्थ? कुणी पाठ करून घेतले तुमच्याकडनं? आईनं यादी दिली होती का, घे बाळ, लागणेचे पन्नास अर्थ?"

"नाही बाई, आपोआप आले."

"आपोआप कसे? तुम्ही त्या शब्दाला कधी एकटं बघितलंच नाही म्हणून. भूक बघितली, फोन बघितला, नोकरी बघितली. शेजारी कोण बसलंय त्यावरनं तुम्हाला कळलं. इंग्रजांच्या पोरांना 'गेट' असाच येतो, यादी त्यांच्याकडंपण नसते. आता मी म्हणते, तुम्ही सांगा. आय गॉट अ जॉब."

"नोकरी लागली," दोन-तीन आवाज.

"आय गॉट हर्ट."

"मला लागलं."

"आय गॉट थ्रू टू हिम."

शेवटच्या बाकावरून, माझ्या अगदी शेजारून, एक दांडगा मुलगा म्हणाला, "त्याला फोन लागला."

"गेट टू वर्क."

"कामाला लागा," अख्खा वर्ग.

"आय गॉट हंग्री."

"भूक लागली बाई, खरंच लागली."

हशा झाला. मी सुद्धा हसले. मग एका मुलानं हात वर केला. "बाई, आग लागली. तर मग फायर गॉट?"

मी पुढं झुकले. इथं बाई फसणार, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, मी त्याची वाट बघत होते.

"नाही," सोनवलकर बाई शांतपणे म्हणाल्या. "इथं जुळत नाही. तिथं 'कॉट फायर' म्हणायचं. बरं झालं विचारलंस. आता सगळ्यांनी वही काढा. जुळतं ते लिहू नका, ते तुमचंच आहे. जुळत नाही तेवढंच लिहा, आणि तेवढंच पाठ करा. 'आग लागली' पहिलं लिहा."

उरलेली मिनिटं मुलं भांडत होती. डोळा लागला, जुळतं का? नाही, लिहा. सवय लागली? जुळतं, सोडा. गाडी लागते? यावर चांगली तीन मिनिटं वाद झाला. घंटा झाली तरी कुणी उठेना. डोईफोड्यांना टाळी वाजवून वर्ग मोकळा करावा लागला.

माझ्या समासात अकराच रेघा होत्या. तीन मिनिटांनंतर रेघ मारायची मला आठवणच झाली नव्हती. मी पेन्सिलीनं अठ्ठावीस लिहिले. तीसपैकी अठ्ठावीस मी त्याआधी कुणालाही दिले नव्हते.

जेवण भाऊसाहेबांच्या घरी होतं. कॉलेजच्या कुंपणाला लागूनच घर. पुरणपोळी, कटाची आमटी, वर साजूक तूप. शर्वरीनं स्वतः वाढलं. मुलगी वाईट नव्हती, मला आग्रह करताना ती लाजत होती. जेवण आटोपल्यावर ताटं उचलली गेली आणि त्याच टेबलावर गुणपत्रकं आली.

"हं, करू या चर्चा," डोईफोडे म्हणाले. त्यांनी माझ्या कागदाकडं मान लांबवून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तो कागद भाऊसाहेबांपुढं सरकवला.

भाऊसाहेबांनी तो वाचला. रागावले नाहीत. "बाई, तुमचा शब्द शेवटचा. आम्ही शेतीभातीची माणसं, आम्हाला काय इंग्रजी कळतंय. तुम्ही म्हणाल ते."

शासनाचे प्रतिनिधी बडीशेप चावत होते.

"एवढंच विचारतो मॅडम," डोईफोडे हळू आवाजात म्हणाले, "या समासातल्या रेघा कसल्या?"

"चुकीच्या उच्चारांच्या."

"अकरा?"

"अकरा."

"सकाळी मॅडम मला काय म्हणाल्या माहितीय का भाऊसाहेब? म्हणाल्या, या बाई बोलायला लागल्या तर कानात बोळे घालून बसावं लागेल."

सगळे हसले. मी पण हसले. माझाच विनोद होता.

"मग उच्चाराला आठ कसे दिलेत?"

"चार करा," मी म्हटलं. "तरी चोवीस राहतात. पाठ उत्तम झाला, डोईफोडे. तुम्हीही होता ना तिथं."

माझी लढाई म्हणतात ती एवढीच. एक वाक्य.

"होतो की. पण मॅडम, इंग्रजीचा पाठ आणि सगळा मराठीतून. उद्या कुणी विचारलं, विद्यापीठाच्या तज्ज्ञ समोर असताना बाई वीस मिनिटं मराठीत बोलत होत्या आणि तज्ज्ञांनी गुण दिले, तर तुमचंच नाव येईल. आम्हाला तुमची काळजी."

"मराठीचा वापर जास्त झाला, हे खरं आहे," मी म्हटलं.

खोडरबर त्यांनी माझ्याकडं सरकवलं नाही. ते माझ्याजवळच होतं. मीच घेतलं. आधी अठ्ठावीस खोडला, मग तेरा खोडला, मग डोईफोड्यांनी दिलेल्या पेनानं नवे आकडे लिहिले. शर्वरीला सव्वीस, सोनवलकरांना बारा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: उच्चार सदोष, वर्गात मातृभाषेचा अतिवापर. अक्षर माझं फार सुरेख आहे. भाऊसाहेब म्हणाले, "वा, मोत्यासारखं." आणि मग आणखी एक पुरणपोळी आणवली.

मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी काही देऊ केलं नव्हतं. या लोकांना मी दिवसभर तुच्छ लेखत होते, आणि त्यांच्या टेबलावर त्यांनी न मागता त्यांचं काम करून दिलं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की भाऊसाहेब विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर होते, मला अभ्यास मंडळावर जायचं होतं, एका माणसानं काय होणार होतं. सगळं खोटं. त्या टेबलावर माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तीस वर्षं मी हा शब्द शिकवला आणि मला हे सुचलं नव्हतं. एका तासिकेवरच्या, 'म्याडम' म्हणणाऱ्या बाईला फळ्यासमोर उभ्या उभ्या सुचलं. ते माझ्याच्यानं सहन झालं नाही. बस्स.

गाडीकडं जाताना त्या दिसल्या. कॉलेजच्या दाराशी उभ्या होत्या, तीच पिशवी घेऊन. डोईफोडे पटकन मागं वळून आत गेले. असा माणूस अशा वेळी बरोबर आत जातो.

"म्याडम, दोन मिनिटं," सोनवलकर बाई म्हणाल्या. "निकालाचं नाही विचारत. तो काय लागायचा तो लागेल, मला इथली रीत माहितीय. फक्त आभार मानायला थांबले."

"कशाबद्दल?"

"तुम्ही ऐकत होता. मी बघत होते ना, तुम्ही मधेच लिहायचं थांबवलंत आणि नुसतं ऐकलंत. आठ वर्षांत माझा तास कुणी बाहेरच्यानं ऐकला नव्हता. मला वाटायचं, माझ्या शिकवण्यात काही अर्थ आहे की मीच आपली..." त्या थांबल्या. "तुम्ही एवढ्या मोठ्या. आता काही झालं तरी मला समाधान आहे."

त्या वेळी मी काय वाटेल ते बोलू शकले असते. काही नाही तर गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "उच्चारांकडं लक्ष द्या."

"हो म्याडम, तिथं कच्ची आहे मी." त्यांनी पिशवीतून वही काढली, पेन काढलं. "कोणते चुकले, सांगाल?"

आणि मी सांगितले. गाडीच्या उघड्या दारापाशी उभी राहून, अकराच्या अकरा. एक एक शब्द मी उच्चारत होते आणि त्या मागं म्हणत होत्या, पुन्हा म्हणत होत्या, देवनागरीत लिहून घेत होत्या. वर तारीख घातली. शेवटी वाकून नमस्कार केला. मी तो करू दिला.

शर्वरी ताकवणे महिन्याभरात रुजू झाली. सोनवलकरांचे तास त्याच दिवशी बंद झाले. हे मला डोईफोड्यांच्या आभाराच्या पत्रातून कळलं. पुढं त्या बाईंचं काय झालं, मुलगी कुठं शिकली, मी विचारलं नाही. विचारायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

पण तो पाठ मी विसरले नाही. पुढच्याच जूनमध्ये मी माझ्या वर्गात विचारलं, "लागणे म्हणजे काय?" पुण्याची मुलं तशीच गप्प बसली, तशीच हसली. शेवटी कुणीतरी आग लागली विचारलंच. मी शांतपणे म्हटलं, जुळतं ते लिहू नका, जुळत नाही तेवढंच लिहा. माझ्या सहकाऱ्यांना तो तास ऐकायला मागच्या बाकावर बसावंसं वाटायला लागलं. मग शिक्षकांच्या शिबिरांतून बोलावणी यायला लागली. मग पुस्तक झालं, त्यातलं तिसरं प्रकरण तेच आहे. प्रस्तावनेत मी यजमानांचे, टंकलेखकाचे आणि मुद्रकाचे आभार मानले आहेत. लोक त्या पाठाला बर्वे मॅडमची पद्धत म्हणतात. मी एकदाही नको म्हटलं नाही.

त्या मुलाखतीनंतर नऊ वर्षांनी सोलापूरला माध्यमिक शिक्षकांचं एक शिबिर होतं. सभागृहात शंभरेक शिक्षक. पाठ रंगात आला होता, लोक हसत होते, वही काढून लिहीत होते. मध्येच तिसऱ्या रांगेतून एक तरुण शिक्षिका उठली. डोक्यावर ओढणी, हातात माझंच पुस्तक. मी तिला पूर्वी कधी बघितलेलं नव्हतं.

"मॅडम, मी रुक्साना मुलाणी. तुमचा पाठ फार आवडला," ती म्हणाली. "पण एक विचारायचं होतं. हा पाठ मला आधीपासून येतो. आम्हाला प्रथम वर्षाला सोनवलकर बाईंनी शिकवला होता. मुलाखतीच्या दिवशी. तुम्ही मागच्या बाकावर बसला होता."

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. तिच्या आवाजात आरोप नव्हता, हेच अवघड होतं. तिला खरोखरच आनंद झाला होता. तिला वाटत होतं, मी आता म्हणेन, हो, त्यांचाच आहे, कुठं असतात त्या.

"पुस्तकात त्यांचं नाव शोधलं मी," ती पुढं म्हणाली. "दिसलं नाही. दुसऱ्या आवृत्तीत येणार आहे का? त्यांना सांगितलं तर फार बरं वाटेल त्यांना. त्या आता शिकवत नाहीत."

म्हणजे त्या कुठं आहेत हे तिला माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर तिनं पत्ता दिला असता.

"कोण सोनवलकर?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हातातल्या पुस्तकाकडं, मग आजूबाजूला. सगळे तिच्याकडंच बघत होते, माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला.

"माझीच काहीतरी गफलत झाली असेल, मॅडम," ती म्हणाली. "दुसरं कुणी असेल. माफ करा." आणि ती खाली बसली.

"असू दे," मी माइकवर मोठ्या मनानं म्हटलं, "होतं असं कधी कधी," आणि शंभर लोकांसमोर तिला माफ केलं.